आतितलानच्या काठी: परका देव आणि पाहुणा

ग्वातेमालाच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,560 मीटर उंचीवर आतितलान सरोवर आहे. सुमारे 75 ते 85 हजार वर्षांपूर्वी इथे ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला, जमीन खचली आणि त्या खळग्यात पाणी साचत गेले. सरोवराचा विस्तार सुमारे 130 चौरस किलोमीटर असून सर्वांत खोल जागी पाणी 300 मीटरांहून अधिक आहे. दक्षिणेला आतितलान, तोलिमान आणि सान पेद्रो हे तीन ज्वालामुखी पाण्यालगत उभे आहेत. सरोवरातून एकही नदी बाहेर पडत नाही. पाणी जमिनीखालून झिरपत राहते आणि काही वर्षे चढत, काही वर्षे उतरत त्याची पातळी कित्येक मीटरांनी बदलते, त्यामुळे काठावरची घरे आणि धक्के पाण्याखाली गेल्याचे प्रसंग जुन्या माणसांना नवे नाहीत. काठावर डझनभर गावे आहेत. दक्षिण आणि नैर्ऋत्य काठावर मुख्यतः त्झुतुहील लोक राहतात, उत्तरेला व पूर्वेला काकचिकेल. दोन्ही समूह माया वंशाचे आहेत; त्यांच्या भाषा जवळच्या, तरी वेगळ्या.

या गावांमधला नित्याचा रस्ता पाण्यावरचा आहे. पानाहाचेल या उत्तरेकडच्या गावातून लांचा नावाच्या मोटारहोड्या सुटतात. उत्तर काठाने जाणारी लांचा सांता क्रूझ, हाइबालितो, त्झुनुना, सान मार्कोस, सान हुआन असे थांबे घेत सान पेद्रोला पोचते. सांतियागो आतितलानला जाणारी होडी वेगळ्या धक्क्यावरून सुटते आणि सरोवर ओलांडून थेट जाते. होडी भरली की निघते, घड्याळ पाहून क्वचितच. हाइबालितोला मोटारीचा रस्ताच नाही. तिथे पाण्यावरून जायचे किंवा डोंगराच्या पायवाटेने. बाजाराच्या टोपल्या, शाळेची मुले, गॅसची टाकी आणि परदेशी प्रवासी एकाच होडीत दाटीने बसतात. दुपारी शोकोमील हा वारा सुटतो, पाणी खवळते आणि फेऱ्या रखडतात. हा वारा काठावरच्या लोकांची पापे गोळा करून नेतो असे इथले लोक सांगतात.

अशा प्रवासात एक जुना धार्मिक प्रश्न पुन्हा उभा राहतो. प्रवासी ज्या गावात उतरतो तिथले देव त्याचे नसतात. तरीही तो देवळात जातो, धूप आणि मेणबत्त्यांच्या धुरात उभा राहतो, कुणाची तरी प्रार्थना चालू असताना ती पाहतो. त्या जागी त्याचे स्थान काय? नुसत्या पाहण्याने पूजेत काही ढवळले जाते का? जात असेल, तर तो पाहणारा कुणाचे काय देणे लागतो? तीर्थयात्रा आणि पर्यटन यांतला फरक श्रद्धेच्या असण्या-नसण्यात असतो असे सहसा मानले जाते. आतितलानच्या काठावरचा इतिहास पाहिला की ही मांडणी अपुरी वाटू लागते. श्रद्धा ही मनातली गोष्ट. ती कुणाच्या मनात किती आहे हे दुसऱ्याला दिसत नाही आणि बहुतेकदा स्वतःलाही नक्की सांगता येत नाही. यजमानाच्या नियमांना, वेळेला आणि नकाराला माणूस स्वतःला किती बांधून घेतो, हे मात्र दिसते. पाहुणेपणाचा विचार तिथून सुरू करावा लागतो.

या सरोवरावर होडीने येणारे सर्वांत जुने ज्ञात पाहुणे बहुधा यात्रेकरूच होते. 1990 च्या दशकात रोबेर्तो सामायोआ या पाणबुड्याला दक्षिण किनाऱ्याजवळ पाण्याखाली वास्तूंचे अवशेष सापडले. या स्थळाला आता सामाबाह म्हणतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ते एक बेट होते. तिथे कोरलेले उभे दगड, वेद्या आणि धार्मिक विधींच्या इमारती होत्या. लोक काठावरून होड्यांनी तिथे पूजेला येत असावेत, असे पुरातत्त्वज्ञ मानतात. पुढे पाणी चढले आणि बेट बुडाले. त्झुतुहील परंपरेत हे सरोवर पृथ्वीची नाभी आहे, जगाची सुरुवात इथल्या पाण्यातून वर आलेल्या डोंगरांपासून झाली. म्हणजे प्रवासी ज्याला सुंदर देखावा समजून छायाचित्र काढतो, तेच इथल्यांच्या दृष्टीने मूळचे देवस्थान आहे, आणि काठावरची देवळे त्याच्या मागून आली.

यात्रेकरू आणि प्रवासी यांच्या नात्याचा सर्वांत नेटका विचार व्हिक्टर टर्नर या मानवशास्त्रज्ञाने केला, आणि त्या विचाराचा एक धागा महाराष्ट्रात पोचतो. 1970 च्या दशकात यात्रांवर लिहिताना टर्नर यांनी पंढरीच्या वारीचा आधार घेतला होता. त्यासाठी त्यांच्यापुढे जी. ए. दलरी यांचे संशोधन होते आणि इरावती कर्वे यांचा वारीवरचा लेखही. यात्रेत माणसे रोजच्या दर्जाचे कपडे उतरवून एका समान बंधुभावात येतात, असे टर्नर यांचे म्हणणे. कर्वे स्वतः दिंडीबरोबर चालल्या होत्या. त्यांना त्या वाटेवर मोठा आनंद मिळाला, पण वेगवेगळ्या जातींची माणसे एकाच दिंडीत चालून जेवायला मात्र वेगळी बसतात हेही त्यांनी पाहिले आणि त्याचे दुःख लिहून ठेवले. समाजशास्त्रज्ञ म्हणून त्या निरीक्षक होत्या, पण निरीक्षण करताना पाय त्यांचेही दुखत होते. त्यांच्या लेखनाचे वजन मुख्यतः या दुखण्यातून आले आहे. 1978 मध्ये व्हिक्टर आणि ईडिथ टर्नर यांनी ख्रिस्ती यात्रांवर पुस्तक लिहिले तेव्हा प्रवासी आणि यात्रेकरू यांच्यातली रेघ पुसट असल्याचे त्यांनी मान्य केले. दोन वर्षे आधी डीन मॅकॅनेल यांनी उलट बाजू मांडली होती. आधुनिक प्रवासी अस्सल जीवन शोधत हिंडतो आणि यजमान त्याच्यासाठी अस्सलपणाचाच एक रंगमंच उभारतात, असे त्यांचे निरीक्षण. आतितलानच्या काठावर दोन्ही गोष्टी एकाच गल्लीत घडताना आढळतात.

ती गल्ली सांतियागो आतितलानमध्ये आहे. धक्क्यावर उतरताच मुले आणि रिक्षावाले विचारतात: माशिमोन पाहायचा का? माशिमोन, ज्याला त्झुतुहील लोक आदराने रिलाह माम म्हणजे पूज्य आजोबा म्हणतात, ही लाकडी देवमूर्ती आहे. डोक्यावर एकावर एक हॅट, गळ्यात कित्येक रंगीत रेशमी रुमाल, तोंडात सिगार. त्याचे सेवेकरी त्याला दारू पाजतात, सिगारची राख झाडतात, नवस करणाऱ्याच्या वतीने त्याच्याशी बोलतात. तो चर्चमध्ये राहत नाही. तो कोफ्रादीया नावाच्या धार्मिक बंधुमंडळाच्या प्रमुखाच्या घरी राहतो आणि हे घर दरवर्षी बदलते. कोफ्रादीया ही संस्था स्पॅनिश राजवटीत संतांच्या सेवेसाठी आली. माया लोकांनी तिच्या आत आपले जुने विधी जपले. मूर्ती त्झिते नावाच्या झाडाच्या लाकडाची आहे. महाराष्ट्रातला पांगारा याच प्रजातीगणातला. त्झितेच्या लाल बिया माया भविष्यवेत्ते मोजून प्रश्नांची उत्तरे शोधतात आणि किचे या माया लोकांच्या पोपोल वूह या ग्रंथात देवांनी याच लाकडातून माणसे घडवल्याची कथा आहे. ती माणसे आपल्या निर्मात्यांना विसरली, म्हणून नष्ट झाली.

माशिमोनच्या जन्माची गावात सांगितली जाणारी कथा प्रवासाशी बांधलेली आहे. पूर्वजांपैकी पुरुष व्यापारासाठी दूरदूर जात. मागे राहिलेल्या स्त्रियांची राखण कोणी करावी, या चिंतेतून त्यांनी झाडातून एक राखणदार घडवला. राखणदार शक्तिमान निघाला, पण त्याला आवर राहिला नाही. ज्या मर्यादेसाठी तो नेमला होता तीच त्याने मोडली. मग त्याला पुन्हा जखडावे लागले. म्हणून मूर्ती बुटकी, हातपाय अपुरे आणि सगळी दोऱ्यांनी, कापडांनी गुंडाळून बांधलेली. पुढे या एकाच मूर्तीत ख्रिस्ताचा विश्वासघात करणारा जुडास, संत सायमन आणि 1524 मध्ये त्झुतुहील राज्य जिंकणारा पेद्रो दे अल्वारादोही लोकांनी पाहिला. पवित्र सप्ताहात त्याचे कपडे सरोवराच्या पाण्यात धुतले जातात. त्याला खांद्यावर वाहून नेणाऱ्या सेवेकऱ्याला तेलिनेल म्हणतात. मूर्तीला चर्चजवळच्या छोट्या देवळीत टांगतात आणि गुड फ्रायडेला ख्रिस्ताच्या मिरवणुकीसमोर आणतात. जेत्याचे रूप, शत्रूचे रूप, परक्याचे रूप आपल्या देवात सामावून घेण्याची ही ताकद या गावाची मोठी कमाई आहे. परका माणूस इथे आला म्हणजे पावित्र्य आपोआप विटते, असे म्हणणाऱ्यांनी हा देव कशाकशाचा बनला आहे ते आधी पाहावे.

माशिमोनच्या घरी परदेशी पाहुण्याला प्रवेश मिळतो. आत जाण्यासाठी थोडे पैसे द्यावे लागतात, छायाचित्र काढायचे तर वेगळे. अनेक प्रवाशांना इथेच काहीतरी खटकते. त्यांना वाटते, देवाचा बाजार मांडला. पण या खटकण्यातच एक गैरसमज आहे. कोफ्रादीयाच्या प्रमुखाला वर्षभर मूर्तीचा सगळा खर्च सोसावा लागतो: मेणबत्त्या, धूप, दारू, सणांची जेवणे. हे पद मानाचे असले तरी घराला मोठी झळ लावणारे आहे. आजारी मुलासाठी आलेली बाई देवापुढे पैसे ठेवते, शहरात निघालेला तरुण ठेवतो, आणि प्रवासीही ठेवतो. देवापुढचा पैसा हा इथल्या पूजेचाच भाग आहे. पैसा नसलेले पावित्र्य ही प्रवाशाच्या मनातली अपेक्षा आहे आणि ती त्याने आपल्या देशातून सोबत आणलेली आहे. खरा धोका पैशात नाही, क्रमात आहे. प्रार्थना चालू असताना पाहुणा मध्ये घुसला, त्याचा कॅमेरा मूर्ती आणि भक्त यांच्यामध्ये आला, आणि सेवेकऱ्याला भक्त सोडून त्याच्याकडे वळावे लागले, तर पूजेचा क्रम मोडतो. तिथे झालेले नुकसान शुल्काने भरून निघत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. ज्याला या देवात काही सत्य वाटत नाही त्याने मेणबत्ती लावणे हे खोटेपण नाही का? या प्रश्नाला लुडविग विटगेनस्टाइन यांनी एका बाजूचे उत्तर दिले. जेम्स फ्रेझर यांनी ‘द गोल्डन बाउ’ या ग्रंथात जगभरचे विधी हे निसर्गाबद्दलच्या चुकीच्या समजुतींतून आलेले असल्यासारखे मांडले होते. विटगेनस्टाइन यांनी 1931 पासून त्यावर टिपणे लिहिली. त्यांच्या मते विधी हे मत नसते, त्यामुळे तो चूकही ठरू शकत नाही. प्रिय व्यक्तीच्या चित्राचे चुंबन घेणारा माणूस त्यातून काही घडून येईल या समजुतीने ते घेत नाही. हे मान्य केले तर परक्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावणारा पाहुणा कुठल्याही सिद्धांतावर सही करत नाही. तो तिथल्या माणसांच्या दुःखाला आणि आशेला मान देतो, आणि त्यात खोटे काही नाही.

तरी विटगेनस्टाइन यांचे उत्तर माशिमोनच्या घरात पूर्ण टिकत नाही. तिथे बसलेल्या बाईला मुलाचा ताप खरोखर उतरायला हवा असतो. तरुणाला सरहद्द ओलांडून काम मिळायला हवे असते. तिचे किंवा त्याचे बोलणे ही केवळ भावनेची अभिव्यक्ती आहे असे म्हणणे म्हणजे त्यांना काय हवे आहे ते ऐकूनही न ऐकणे. पाहुण्याच्या श्रद्धेपेक्षा इथे त्याच्या ऐकण्याला अधिक महत्त्व आहे. शेजारी बसलेल्या माणसाचे मागणे खरे आहे इतके त्याने धरले, तरी त्याच्या उभे राहण्यात फरक पडतो: तो आवाज खाली आणतो, कॅमेरा बाजूला ठेवतो, आपली पाळी येईपर्यंत थांबतो.

भारतीय, विशेषतः मराठी प्रवाशाची अडचण युरोपीय प्रवाशाच्या उलट आहे. दारूचा नैवेद्य, विडी-सिगारचा मान, घरोघर फिरणारी मूर्ती, देवाशी भांडून केलेला नवस, हे सगळे पाहून त्याला शिवेवरचा म्हसोबा आठवतो आणि तो चटकन म्हणतो, आमच्याकडेही असेच आहे. ही ओळख सुखद असते. पण ती लगेच पुरी पडली की पाहणे थांबते. म्हसोबाच्या मागे स्पॅनिश विजयाचा इतिहास नाही, जुडासचा चेहरा नाही, ख्रिस्ताच्या मिरवणुकीसमोर उभे राहण्याचा प्रसंग नाही. परक्या देवाला आपल्या देवाचे नाव देऊन घरात घेणे ही हिंदू परंपरेची उदार सवय मानली जाते. त्या उदारपणात समोरच्याला त्याचे स्वतःचे वेगळेपण शिल्लक ठेवण्याची शिस्तही हवी.

पाहणे कुठवर जाऊ शकते, हे माशिमोनच्या मुखवट्याच्या हकिगतीतून कळते. विसाव्या शतकाच्या मध्यात कॅथलिक चर्चमधल्या सुधारकांनी जुन्या विधींविरुद्ध मोहीम उघडली. 1950 मध्ये बाहेरून आलेल्या एका पाद्रीने माशिमोनवर हल्ला चढवला आणि त्याचे मुखवटे काढून नेले. त्यांपैकी एक पुढे पॅरिसच्या मानववंशशास्त्रीय संग्रहालयात पोचला. या संघर्षाचा अभ्यास मायकल मेंडेलसन यांनी त्याच दशकात गावात राहून केला. हेच मेंडेलसन पुढे नेथनियल टार्न या नावाने कवी म्हणून ओळखले गेले. मुखवटा 1979 मध्ये सांतियागोला परत आला.

वॉल्टर बेंजामिन यांनी 1930 च्या दशकात लिहिलेल्या एका निबंधात पूजेसाठी असलेली वस्तू आणि प्रदर्शनासाठी असलेली वस्तू यांतला फरक मांडला आहे. पूजेच्या वस्तूचे असणे पुरेसे असते, ती दिसलीच पाहिजे असे नाही. वर्षातले कित्येक दिवस ती झाकलेली असली तरी तिचे काम चालू राहते. पॅरिसमध्ये तो मुखवटा एरवी कधीही पाहू शकले नसते अशा लोकांनाही खुला होता, पण तिथे त्याच्याकडे कुणी काही मागू शकत नव्हते, त्याला कुणी काही देऊ शकत नव्हते, आणि तो कुणावर रागावूही शकत नव्हता. श्रद्धाळू पाद्रीने तो सैतान म्हणून उचलला, संग्रहालयाने तो कला म्हणून ठेवला. दोघांनीही त्याला नात्यांतून बाहेर काढले. गावाच्या बाजूने पाहिले तर या दोन्हींत फारसा फरक नव्हता.

काठावरची श्रद्धा एकसंध आहे असे समजणे हीसुद्धा पाहुण्याची चूक ठरते. एकट्या सांतियागोत जुने विधी पाळणारे आहेत, त्यांना नाकारणारे कॅथलिक आहेत आणि माशिमोनला उघड सैतान म्हणणारे इव्हॅन्जेलिकल ख्रिस्तीही आहेत. सान पेद्रोत भिंतींवर बायबलची वचने रंगवलेली दिसतात आणि संध्याकाळी प्रार्थनाघरांतले ध्वनिक्षेपक दूरवर ऐकू येतात. जो प्रवासी फक्त माशिमोनच्या घराला ‘खरे माया’ म्हणतो आणि शेजारच्या प्रार्थनाघराला परकी घुसखोरी म्हणतो, तो नकळत गावाच्या भांडणात एक बाजू घेतो. इव्हॅन्जेलिकल झालेली त्झुतुहील स्त्री कमी त्झुतुहील नसते. दारूने उद्ध्वस्त झालेले घर सावरायला अनेकांनी तो मार्ग धरला, आणि ज्या देवाला दारू चढते त्याच्यापासून दूर जाण्यामागे त्यांचे स्वतःचे कारण आहे. अस्सलतेचा निवाडा करण्याचा हक्क होडीच्या तिकिटाबरोबर मिळत नाही.

सान मार्कोसमध्ये हा प्रश्न आणखी अवघड होतो. 1990 च्या दशकापासून तिथे परदेशी लोकांनी ध्यानकेंद्रे आणि योगवर्ग उघडले. सरोवराला विश्वातील शक्तिकेंद्र म्हणणारे, कोकोचे विधी करणारे, माया पंचांग शिकवणारे बहुतेकजण बाहेरचे आहेत. त्यांच्यातले पुष्कळ प्रामाणिक साधक असतात. त्यांच्या शोधाला खोटे म्हणणे अन्यायाचे होईल. पण तिथे पावित्र्य आहे आणि यजमान नाही. काकचिकेल गावकरी बांधकाम करतात, जमीन विकतात किंवा भाड्याने देतात, स्वयंपाक करतात. विधीचे नियम मात्र पाहुणाच ठरवतो. ज्या पूजेत नकार देणारा कोणी नाही, पाळी पाहायला लावणारा कोणी नाही, तिच्यातून माणसाला हवे ते मिळेल, पण जे त्याला नको आहे ते कधीच भेटणार नाही. इरावती कर्वे यांना वारीत आनंद मिळाला आणि जेवणाच्या पंगतीतला अन्यायही दिसला. दुसरे दिसले ते वाट दुसऱ्यांची होती म्हणून.

पाहुणेपण पराकोटीला नेणारा एक माणूस सांतियागोने पाहिला. स्टॅन्ली रॉदर हे ओक्लाहोमातल्या ओकार्ची या शेतकरी वस्तीतले पाद्री 1968 मध्ये गावात आले. ते त्झुतुहील शिकले, त्या भाषेत प्रार्थना चालवू लागले आणि शेतावर लोकांबरोबर राबले. 1960 पासून ग्वातेमालात यादवी युद्ध चालू होते आणि 1980 नंतर सैन्याने या भागावर पकड घट्ट केली. माणसे गायब होऊ लागली. मारायच्या यादीत रॉदर यांचेही नाव असल्याचे कळल्यावर 1981 च्या सुरुवातीला ते अमेरिकेला परतले, पण काही महिन्यांतच, ईस्टरच्या सुमारास, पुन्हा गावात आले. 28 जुलै 1981 च्या रात्री चर्चलगतच्या निवासात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. देह ओक्लाहोमाला नेला. लोकांच्या मागणीवरून हृदय सांतियागोत ठेवले. 2017 मध्ये कॅथलिक चर्चने त्यांना धन्य घोषित केले.

त्याच चर्चमध्ये रॉदर यांच्या सांगण्यावरून घडलेली लाकडी वेदी आहे. भूकंपांनी मोडलेली जुनी वेदी सावरण्याचे काम 1976 पासून दिएगो चावेस आणि निकोलास चावेस या त्झुतुहील भावांनी केले. त्यांनी तिला डोंगराचा आकार दिला, कडेने वर चढणारी माणसे कोरली आणि खालच्या चौकटींत गावचे विधी, अगदी माशिमोनसह, आणले. 1950 मध्ये ज्याला चर्चबाहेर हाकलण्यासाठी मारामारी झाली होती तो पुढे त्याच चर्चच्या वेदीत कोरला गेला. हे स्थानिक हातांनी घडले, आणि बाहेरून आलेल्या पाद्रीने ते घडू दिले. 2 डिसेंबर 1990 रोजी गावाबाहेरच्या लष्करी तळापुढे जमलेल्या निःशस्त्र लोकांवर सैन्याने गोळीबार केला. डझनाहून अधिक माणसे मेली. गावाने सैन्याला निघून जायला सांगितले आणि सैन्य गेले. शांतता करार व्हायला 1996 चा शेवट उजाडला. धक्क्यावर उतरणाऱ्या प्रवाशाला हे कुणी आपणहून सांगत नाही. गावाला ते सांगण्याची सक्तीही नाही. मौन हाही यजमानाचा हक्क आहे.

रॉदर यांच्यासारखे राहणे फार थोड्यांना जमते आणि सर्वांकडून ते मागताही येत नाही. दुपारच्या वाऱ्याआधी परतणाऱ्या पाहुण्याचे देणे लहान आहे, पण ते आहे. त्याचा हिशेब माणसांपुरता नाही, पाण्याचाही आहे. 1958 पासून, प्रवाशांना हौशी मासेमारी करता यावी म्हणून, सरोवरात ब्लॅक बास हा परका मासा सोडला. त्याने इथले छोटे मासे आणि खेकडे खाऊन टाकले. फक्त याच सरोवरात राहणारा, उडू न शकणारा पोक हा पाणपक्षी त्यामुळे, आणि काठावरची लव्हाळी तोडली गेल्यामुळे, कमी होत गेला. 1980 च्या दशकाअखेर तो नामशेष झाला. गावे आणि हॉटेले यांचे सांडपाणी, शेतांतली खते यांनी पाण्यात पोषकद्रव्ये साचली आणि 2009 मध्ये सरोवराच्या मोठ्या भागावर सायनोबॅक्टेरियाचा हिरवट थर पसरला. सांडपाणी गोळा करून खोऱ्याबाहेर नेण्याची एक मोठी योजना पुढे आली. तिला स्थानिक माया समुदायांच्या संघटनांनी विरोध केला, कारण ज्या पाण्याला ते पूज्य मानतात त्याबद्दलचा निर्णय त्यांना न विचारता होत होता. सान पेद्रोच्या नगरपालिकेने 2016 मध्ये प्लास्टिकच्या पिशव्या, नळ्या आणि थर्माकोलची भांडी यांवर बंदी घातली. लोकांकडचे प्लास्टिक परत घेऊन त्यांना टिकाऊ टोपल्या आणि पिशव्या दिल्या. ही बंदी गावकऱ्यांना जितकी लागू आहे तितकीच लांचातून उतरणाऱ्या परदेशी पाहुण्यालाही.